आईनं घासलेला दगड

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल आई इथे अचानक उगवली, मला घरी न्यायचं ठरवूनच. ऑफिस सोडून पोरगा जपानी बागेत माळी झालाय, हे तिला अजून पचलेलं नाही. पण फाटकातून आत आली आणि तिची पावलंच मंदावली. पायवाट अशी वळवलीये की तळं एकदम दिसतच नाही. आधी पाण्याचा आवाज, मग फांदीखालून चमकणारा एक तुकडा, आणि पूल ओलांडला की सगळं. आई म्हणाली, कुणीतरी फार निवांत डोक्यानं केलंय रे हे.

मला वाटलं, जिंकलो! चहा आणायला गेलो. परत येतो तर बाईसाहेब बाह्या सरसावून, ब्रश घेऊन पाण्याकाठचा मोठा दगड घासतायत. वर मलाच झापलं, की इतकी सुंदर बाग आणि दगडावर शेवाळ, लाज नाही वाटत?

ताई, ते शेवाळ म्हणजे बागेचा जीव गं. आमच्या वस्तादांनी, म्हणजे मुख्य माळ्यांनी, पाणी शिंपडून शिंपडून वाढवलेलं. ते गावाला गेलेत, पुढच्या आठवड्यात परत येतील, आणि मला कायम ठेवायचं की नाही ते तेव्हाच सांगणार आहेत. झालं माझं कल्याण.

असेल तेवढी माया पाठव, सध्या फार गरज आहे.
तुझा,
चिखल्या

८ मार्च

चि. चिखल्यास,
अ. उ. आ.

आधी हसून हसून पोट दुखलं, मग काळजी वाटली. आई शेजारीपाजारी बागेचं कौतुक करत सुटलीये. रेतीत ओढलेल्या लाटा काय, गळलेली पानंसुद्धा कशी शोभतात काय! दगडाचं नाव काढलं की मात्र भांडी आपटते. काल हळूच म्हणाली, कुण्या पाहुण्यानं केलं म्हणून त्यानं सांगावं. मी म्हटलं, पाहुणीच होतीस की तू!

तू खोटं बोलू नकोस. कामावरून काढलंच तर सरळ घरी ये. आईनं तुझ्या गादीला ऊन दाखवून ठेवलंय, इतकी तिला आशा.

रुसलास तरी पत्र टाक.
ताई

१५ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

वस्ताद आले. मी सरळ सांगून टाकलं, माझ्या आईनं घासला. ते दगडासमोर उकिडवे बसले, हात फिरवला. मग म्हणाले, काम चोख केलंय हं, कणभर ठेवलं नाही.

मग म्हणाले, हा पुन्हा हिरवा व्हायला काही वर्षं जातील. रोज पाणी शिंपडावं लागेल, आणि ते ज्याच्या आईनं घासला त्यानंच करायचं. तोवर इथून हलायचं नाही.

आई, मला उपटून न्यायला आली होतीस, आणि स्वतःच्या हातानं इथे रोवून गेलीस.

राग ओसरला की लोभ पूर्वीसारखाच चालू ठेव.
तुझा,
माळी