पिवळा ठिपका

लीड्स,
१९ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
मिहीरचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलता येत नाही, म्हणून आपलं पत्रांचंच बरं.

तुम्ही विचारलंत, आमचं रॉकेट एवढं बारीक का. ह्या प्रकाराला मिनिमम डायमीटर म्हणतात. मोटर ५४ मिलिमीटरची आणि नळी तिच्यावर मोज्यासारखी बसेल एवढीच. आत दुसरी नळी नाही, आधाराच्या चकत्या नाहीत. त्यामुळे शेपटीच्या तीन फिन, म्हणजे पंख, आत खोचता येत नाहीत, नळीच्या पाठीवर नुसत्या चिकटवाव्या लागतात. आवाजाच्या वेगाजवळ जाताना एक जरी उपटली तरी सगळं संपलं.

गॅरेजमध्ये थंडी असते आणि केमोमुळे बाबांच्या बोटांना गार काही लागलं की करंट बसल्यासारखं होतं. म्हणून सगळं डायनिंग टेबलवर आणलं आहे. जेवायला आता गॅरेजमध्ये जायचं का, असं आई विचारते. दोन फिन मी चिकटवल्या. तिसरी काल बाबांनी. बोटं बधिर, तरी मला हात लावू दिला नाही. तासभर लागला. मग त्यांनी तिच्या मुळाशी पिवळ्या रंगाचा ठिपका लावला. बाबांच्या बस डेपोत चाकाचा नट आवळला की आवळणाऱ्याने असा ठिपका लावायचा, म्हणजे हे काम माझं, काही झालं तर मला विचारा. दुसऱ्याच्या नावाने ठिपका लावणाऱ्याला डेपोत माफी नव्हती, असं ते सांगत होते.

रॉकेट क्लबचं उड्डाण ९ फेब्रुवारीला आहे. ईस्टरची तिकिटं काढू का, असं बाबांनी कन्सल्टंट डॉक्टरला विचारलं, तर ती म्हणाली रिफंडेबल काढा. बाबा हे सगळ्यांना जोक म्हणून सांगतात. त्यांना हे उडताना बघायचं आहे, दुसरं काही मागत नाहीत.

आशीर्वाद असू द्या, मला आणि फिन चिकटवणाऱ्या इपॉक्सीला.

तुमचा,
मिहीर


पिनर,
२५ जानेवारी २०२५

चि. मिहीर यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. रेखाला मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे माझ्या मते हळू आणि तिच्या मते शेजारच्या घरात ऐकू जाईल एवढ्याने. तुझी आत्या म्हणते, ह्या घराण्यात एक सर्जन, एक बस मेकॅनिक आणि एक युनिव्हर्सिटी अर्धवट सोडलेला, अशी उतरंड लागली होती. आता एकदम रॉकेट म्हणजे प्रगती आहे.

सतीशच्या पोटात किती जातं ते लिही. बरं आहे असं लिहू नकोस, वाट्या मोजून लिही. रात्री पाठ दुखते का? त्याला विचारलं की तो हवामानाबद्दल बोलतो.

एक सांगतो. तू लहानपणी इथे सुट्टीत यायचास तेव्हा शुद्धलेखन इतकं खोडायचास की कागदाला भोक पडायचं. मी चाळीस वर्षं हाडं जोडली. जोडलेलं हाड नीट लागलं आहे की नाही हे बघायला पुन्हा उघडायचं नसतं. तुझ्या रॉकेटचंही तसंच असावं.

९ तारखेला माझ्या वाटणीचंही बघून घे.

तुझा,
आजोबा (मोहन)


लीड्स,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. नमस्कार.

९ तारखेचं उड्डाण झालं नाही. वाऱ्यामुळे क्लबने रद्द केलं. पुढचं ९ मार्चला आहे.

बाबा सकाळी अर्धी वाटी मऊ भात खातात, दुपारी दोन चमचे सूप. पाठ दुखते.

बाकी ठीक. राग मानू नका, पत्र छोटं झालं.

मिहीर


लीड्स,
६ एप्रिल २०२५

ती. आजोबांस,
नमस्कार.

बाबांना जाऊन आज अडतीस दिवस झाले. क्रिमेटोरियममध्ये तुम्ही माझा हात धरून बसला होतात, तेव्हाच सांगायचं होतं. पण तुम्हाला ऐकू जाईल एवढ्याने तिथे कसं सांगणार? म्हणून लिहितो.

९ फेब्रुवारीला वारा नव्हता. क्लबने काहीही रद्द केलं नव्हतं.

बाबांनी चिकटवलेली फिन मी दुसऱ्या दिवशी मोजली. एक अंश वीस मिनिटं, म्हणजे सव्वा अंशाच्या जरा वर, तिरकी होती. मला झोप लागेना. ते गुरुवारी केमोला गेले तेव्हा मी ती पात्याने कापायला घेतली. फिन निघाली, पण तिच्यासोबत नळीचा वरचा थर सोलून आला. नळी वाया गेली. नवी यायला दोन आठवडे लागले. तिच्यावर तिन्ही फिन मीच बसवल्या आणि बाबांना कळू नये म्हणून तिसरीच्या मुळाशी पिवळा ठिपकाही मीच लावला. ९ तारखेला फिन पक्क्या करायला वरून लावलेलं कार्बनचं कापड अजून ओलं होतं, म्हणून वाऱ्याची गोष्ट रचली.

त्या दिवशी बाबा खिडकीशी चहा घेऊन बसले होते. म्हणाले की इथे तर पानसुद्धा हलत नाही. मी म्हणालो की तिकडे उघडं माळरान आहे, तिकडे असतो. ते म्हणाले, हो, असेल. मग अठरा दिवसांनी ते गेले.

क्लबमधले डेरेक भेटायला आले होते. त्यांना विचारलं की एक अंशाने काय झालं असतं. त्यांना वाटलं मी पुढच्या रॉकेटबद्दल विचारतोय. म्हणाले की काही नाही, वर जाताना जरा गिरकी घेतं, थोडं खाली राहतं, इतकंच.

रॉकेट तयार आहे. तिन्ही फिन सरळ आहेत. मी त्याच्याकडे बघू शकत नाही.

लोभ ठेवा असं कोणत्या तोंडाने लिहू?

मिहीर


पिनर,
१३ एप्रिल २०२५

चि. मिहीर यास,
आशीर्वाद, आणि ते कमी झालेले नाहीत.

सतीशने मला २० फेब्रुवारीला पत्र लिहिलं होतं. अक्षर कापरं आहे, ओळी खाली घसरल्या आहेत. तू विचारल्याशिवाय तुला सांगायचं नाही असं त्याने बजावलं होतं. तू विचारलं नाहीस, कबूल केलंस. मी ते विचारल्यातच धरतो. त्यातला भाग उतरवून देतो.

त्याने लिहिलं आहे: “पोराने माझी फिन बदलली. त्याला वाटतं मला कळलं नाही. मी ठिपका नेहमी डाव्या अंगाला लावतो, घाईत, लांबट येतो. हा अगदी मधोमध आणि नाण्यासारखा गोल आहे. दादा, इतका गोल ठिपका मी जन्मात लावला नाही. डेपोत असता तर ह्याला घरी पाठवला असता. आधी राग आला. मग रात्री उठून पाहिलं, तर काम माझ्यापेक्षा चांगलं झालंय. वाऱ्याचं खोटं बोलताना त्याचे कान लाल झाले होते, म्हणून पुढे विचारलं नाही. मला उडताना दिसेल असं वाटत नाही. त्याला बोलू नका.”

मिहीर, ह्यात तुला माफी आहे की नाही ते मी ठरवत नाही. त्याला ते बघायचं होतं आणि त्याने बघितलं नाही. हे तसंच राहणार. मी पुसू शकत नाही. डॉक्टर म्हणून मी पुष्कळ आयांना पुष्कळ काही सांगितलं आहे, त्यातलं एकही वाक्य आता मला उपयोगी पडत नाही.

पण माझंही ऐक. मुलगा मेकॅनिक झाला म्हणून मी रुसलो. तीस वर्षांत एकदाही त्याच्या डेपोत गेलो नाही. तो कामावर काय खूण करतो, डाव्या अंगाला की उजव्या, हे मला तुझ्या पत्रांतून आणि त्याच्या शेवटच्या पत्रातून कळलं. तू तीन आठवडे घालवलेस. माझा हिशेब तू करू नकोस.

ती कापलेली फिन तू टाकली नसशील. तू काहीच टाकत नाहीस.

तुझा,
आजोबा


लीड्स,
१२ मे २०२५

ती. आजोबांस,
मिहीरचा शिरसाष्टांग नमस्कार.

टाकली नव्हती. मोज्यांच्या खणात होती. मुळाशी जुन्या नळीची साल तशीच चिकटलेली, आणि डाव्या अंगाला ठिपका. लांबट.

तिसरी नळी मागवली. दोन फिन नव्या कापून सरळ बसवल्या. तिसरी बाबांची. जुन्या नळीवर मी पेन्सिलने मोजमापं लिहून ठेवली होती, तीच घेतली. एक अंश वीस मिनिटं. चूक अगदी बरोबर बसवायला मला चार तास लागले. बाबांना एक लागला होता. वर कार्बनऐवजी काचेचं कापड घातलं, कारण ते इपॉक्सीत भिजलं की आरपार दिसतं. ठिपका खाली दिसतो. दुसरं, सरळ फिनचं रॉकेट मी क्लबला देऊन टाकलं. त्यावरचा माझा गोल ठिपका आधी खरवडून काढला.

काल उडवलं. आई आली होती, बाबांचा कोट घालून. खरंच वारा नव्हता. डेरेकनी उड्डाणाचं कार्ड भरताना बनवणाऱ्याचं नाव विचारलं. मी दोन नावं सांगितली. एक त्यांनी नीट लिहिलं नाही, मी खोडून पुन्हा लिहिलं. कागदाला भोक पडलं नाही.

सुटलं तेव्हा आवाज छातीत बसला. वर जाताना गिरकी घेत गेलं, डेरेक म्हणाले होते तसंच. धुराच्या रेघेला पीळ पडला. बाकीची सगळी रॉकेटं सरळ रेघा काढत गेली, आमचंच एक पीळ काढत गेलं. सात हजार नऊशे फूट. माझ्या हिशेबापेक्षा चारशे कमी. मी वर बघत होतो आणि डाव्या हाताला वळून विचारलं की दिसतंय का. तिथे आई होती. ती हो म्हणाली. मी कोणाला विचारलं होतं ते तिला कळलं असणार.

बार्लीच्या शेतात उतरलं. तिन्ही फिन जागच्या जागी आहेत. बाबांची जरासुद्धा हलली नाही. मी घरी येऊन तिरकेपणा पुन्हा मोजला.

उरलेल्या दोन फिनवर आज सकाळी मी माझे ठिपके लावले. डबी बाबांचीच, तळाशी थोडा रंग होता. गोल आले. घाईत लावून पाहिले तरी गोलच आले.

तुमच्या वाटणीचंही बघितलं. लोभ आता मागतो.

तुमचा,
मिहीर