पाचव्या खुर्चीवरचे डास

चिरंजीव धाकट्यास,

खाली नाव शोधत बसू नकोस, मीच सांगते. मी तुझी थोरली बहीण. तुला बहीण एकच आहे, तेव्हा आठवायला फार वेळ लागू नये. लहानपणी कडेवर घेऊन तुला शाळेत पोचवायची, तीच मी. तू आत गेलास, मी दारापर्यंत. म्हणून आज तुला पत्र वाचता येतं आणि मला ते सूनबाईकडून लिहून घ्यावं लागतं. तीन पत्रं धाडली, एकाचंही उत्तर नाही. याचंही आलं नाही तर मी धरून चालेन की भाऊ ठणठणीत आहे, टपालखातंच वारलं. (सूनबाई म्हणते, असं अभद्र लिहू नये. म्हटलं, लिही गं, पेन तुझं, जीभ माझी.)

तब्येत कशी आहे? रीत म्हणून विचारते, उत्तर मला ठाऊक आहे. तुझ्या गल्लीतला न्हावी परवा इकडे आला होता. दाढीला येत नाहीस, दुधाच्या पिशव्या दाराशी नासतात, आणि जेवण म्हणजे नुसता चहा. न्हाव्यांच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं म्हणतात. निम्मं सोडलं, उरलेल्या निम्म्याने माझी झोप उडाली. माझं म्हणशील तर गुडघे आहेत तिथेच आहेत, फक्त वाकत नाहीत.

आता कामाचं. डासांच्या त्या प्रयोगशाळेत माझं बसणं अजून चालू आहे. तुझी बायको होती तेव्हा आम्ही दोघी जायचो आणि तू हसायचास, नणंद-भावजय माशा मारायला निघाल्या म्हणून. मारायच्या नाहीत रे, मोजायच्या. आणि माशा नव्हे, डास. (चावऱ्या माशांचं खातं वेगळं. त्यांना गुरांचा वास लागतो. मला तिकडे घेत नाहीत हा मान की अपमान, ते अजून ठरलेलं नाही.) लांबच लांब जाळीघर आहे, एका टोकाला छतापासून एक पट्टी टांगलेली, तिच्यातून औषध हवेत उतरतं. धूर नाही, वास नाही, अंगाला काही फासायचं नाही. त्या हवेत शिरलेला डास मरत नाही. आपण कशाला आलो होतो तेच विसरतो आणि भिंतीवर जाऊन बसतो. (तुझ्याही छताला अशी पट्टी कुणी टांगली आहे का, बघून घे.) पट्टीपासून ओळीने पाच खुर्च्या, दोन-दोन पावलांवर. औषध कुठवर पोचतं ते आमच्या पायांवरून कळतं. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पाय उघडा ठेवायचा, डास बसला की हातातलं बटण दाबायचं, आणि त्याने सोंड टोचायच्या आत त्याला हाकलायचं. आईने जन्मभर पाय झाकून बसायला शिकवलं, आणि या वयात डॉक्टरीणबाई म्हणतात, आजी, अजून जरा वर घ्या. डास घरचेच, पिंजऱ्यात साखरपाण्यावर वाढवलेले, कुणाला कधी न चावलेले. बिनरोगी आणि निर्लज्ज.

पाचवी खुर्ची तुझ्या बायकोची. औषधापासून सगळ्यात लांब, म्हणून सगळ्यात जास्त डास तिला. ती गेल्यावर (झोपेत गेली, डासांचा त्यात काही संबंध नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सहा वेळा सांगितलं; मी एकदाच विचारलं होतं) तिथे कुणाला बसवलं नाही. नकाशात आहे म्हणून खुर्ची राहिली. आमच्या जागा दर सोमवारी बदलतात, आणि या सोमवारी माझी पाळी चौथ्या खुर्चीवर आली.

पहिला तास बरा गेला. तिसऱ्या खुर्चीवर पेन्शनीतला पोस्टमन घोरत होता (त्याच्या पायावरचे डास कोण मोजतं, देव जाणे). मग जाणवलं की माझ्या पायाशी गुणगुण थांबली आहे. म्हटलं, औषध इथवर पोचलं वाटतं. बघते तर डास मला ओलांडून ओळीने पुढे चालले होते, पाचव्या खुर्चीकडे. आणि तिथे बसत होते. खुर्चीवर नाही रे. खुर्चीच्या पुढे, हवेत, जमिनीपासून वीतभर उंचीवर. एक, दोन, सात. पंख मिटून, सोंड रोवून, जिथे काहीच नाही तिथे. जणू कुणाच्या पायावर, आणि तोही एकच! दुसरा पाय कुठे म्हणून शोधते, तर बाकीचे डास बैठकीच्या उंचीवर आडवे पसरलेले. एक पाय खाली सोडून दुसरा मांडीखाली दुमडून कोण बसायचं, ते तुला सांगायला नको. त्यावरून तू तिला जन्मभर बोललास.

थोड्या वेळाने ते एकेक उठले, जड होऊन, लाल पोटांनी. आम्ही चावूच देत नाही, तर पोट लाल होईल कशाने? डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं. त्यांनी कागदावर माझ्या खुर्चीपुढे शून्य लिहिलं, पाचवीपुढे रेघ ओढली, आणि म्हणाल्या, आजी, तुमची साखर तपासून घेऊ. (साखर उत्तम आहे.)

भीती वाटली का? वाटली. पण राग जास्त आला. नाकावर माशी बसू न देणारी बाई ती, आणि निमूट बसून पिऊ देते! मी काठी लांब केली आणि हाकलले. डास उडाले, पण काठीचं टोक कशाला तरी लागलं. मऊ काहीतरी. माझ्या तोंडून निघून गेलं, लागलं का गं? पोस्टमन दचकून जागा झाला आणि म्हणाला, नाही.

तेव्हापासून रोज चार ते सहा हेच चाललं आहे: माझे मोजते, तिचे हाकलते. काल तिचा खालचा पाय दाराकडे वळला. डास त्या बाजूला सरकले त्यावरून कळलं. सहा वाजायला आले होते. रोज सहाला तिला न्यायला दारात कोण उभं राहायचं, ते तुला आठवत असेल अशी आशा आहे.

आता माशी कुठे शिंकली ते ऐक. येत्या सोमवारी मला पहिल्या खुर्चीवर जायचं आहे, थेट पट्टीखाली. तिथून माझी काठी पोचत नाही. चौथीवर शिंपी यायचा होता, त्याने कामच सोडलं. म्हणजे तिच्या शेजारी कुणी नाही. ती बसणार, ते पिणार, आणि हाकलायला एक हात नाही. मी तुला काही सुचवत नाही. यावंसं वाटलं तर ये, नाही वाटलं तर तसं कळव. आग्रह करायचा माझा स्वभाव नाही, तुला माहीतच आहे.

थोरलीचा अंगठा आणि आशीर्वाद.

ता. क. आग्रहाचं लिहिलं ते खोटं. चौथ्या खुर्चीसाठी तुझं नाव देऊन आले आहे. सही मागितली, मी तुझ्या वतीने अंगठा उठवला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, भाऊ शिकलेले आहेत ना? म्हटलं, शिकलाय, पण पत्रांवरून तसं वाटत नाही. सोमवारी चारच्या आत पोच. वासाचा साबण लावून येऊ नकोस.

ता. क. (सूनबाईकडून) मामा, नमस्कार. आई पाणी प्यायला उठल्या आहेत तेवढ्यात लिहिते. मी जाळीघरात जाऊन आले. पाचवी खुर्ची आहे. हवेत बसलेले डास मला दिसले नाहीत, आणि आईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांना तुमची काळजी लागली आहे, एवढं खरं धरा आणि या. फक्त एक सांगते. त्या खुर्चीपुढून जाताना मी कुणाचा तरी पाय चुकवून गेले, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

ता. क. सूनबाईने मधे काय खरडलं ते मला वाचता येत नाही, पण पेन किती वेळ कुरकुरलं ते ऐकू येतं. एवढा वेळ लागला म्हणजे मोतीबिंदूवर गेली असणार. माझ्या डोळ्यांचं माझं मी बघेन. तू नाहीच आलास तर पेरू पाठव. पिकलेले नकोत, कच्चट, तिला लागायचे तसे. आणि त्यातला एक तुझ्या दातांनी अर्धा खाऊन पाठव. मी तो तिच्या खुर्चीवर ठेवीन. तू खातोस, एवढं तिला कळू दे.