गिरणीमागचे तपकिरी

ता. ३ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबत बाटल्या पाठवतोय. प्रत्येक क्रेफिशचा एकेक पाय कापून स्पिरिटमध्ये बुडवला आणि जनावर परत पाण्यात सोडलं, तू शिकवलंस तसंच. पाय पुन्हा फुटतो हे सांगूनही आईने मला कसाई ठरवलंच. तिच्या मते ही खेकड्याची नांगी लावलेली कोळंबी, तिचं कसलं कौतुक!

निळे वरच्या झऱ्यातले. तपकिरी गिरणीमागच्या डबक्यातले, नुसते तुलनेला. जनुकं तपासून एवढंच सांग, की निळ्यांची जात वेगळी आहे. त्या जातीला मी तुझ्या त्या मैत्रिणीचं नाव देणार. अर्ध्यावर कॉलेज सोडणारा मला काय देणार, असं मला नकार देताना ती तुझ्यादेखतच म्हणाली होती ना?

झरा आटत चाललाय, म्हणून निळ्यांना डबक्यात हलवतो. तपकिरी दांडगे, निळ्यांच्या नांग्या मोडतील. आधी त्यांना काढावं लागेल.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

तुझा भडकू

ता. २९ मार्च

चि. भडकूस अ. आ.

निळे वेगळे नाहीत. नदीतल्या साध्या क्रेफिशशी त्यांची जनुकं जुळतात. रंगावर भुललास.

पण ते तपकिरी कुणाशीच जुळत नाहीत. मी दोनदा तपासलं, मग आमच्या प्रयोगशाळेच्या मॅडमनी स्वतः. जात नवी आहे, दुसरीकडे कुठे सापडलेली नाही. नाव द्यायला एक तरी अख्खा नमुना लागतो. डबक्याला हात लावू नकोस, मी येतेय.

आणखी एक. तिचं लग्न ठरलंय. परक्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. डोक्यात राख घालून घेऊ नकोस. जेवत जा.

तुझी ताई

ता. ४ एप्रिल

ती. ताईस सा. न.

येऊ नकोस. तुझं पत्र यायच्या आधीच डबकं साफ केलं होतं. बादल्या भरभरून तपकिरी काढले आणि आईच्या कोंबड्यांपुढे ओतले. कॉलेज सोडल्यापासून तुझा पहिलाच उपयोग झाला, असं आई म्हणाली. निळे मजेत आहेत.

पत्र वाचून एकूण एक दगड उलटला. एकाखाली तपकिरी नांगी दिसली. उचलली तर नुसती टाकलेली कात, आत कोणी नाही. कापसात गुंडाळून पाठवतोय. अख्खी आहे, मिशांसकट. नाव तुम्हीच ठरवा, तिचं नको.

लग्नाला जाशीलच. मी काय करतो असं तिने विचारलं, तर कोंबड्या पाळतो म्हणून सांग.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

भडकू