तिच्या बाजूची नळी

३ नोव्हेंबर

डॅशबोर्ड काढला! सव्वीस स्क्रू. सत्तावीस असतील, एक सीटखाली घरंगळला तो घरंगळलाच. जीप म्हातारी, मी म्हातारा, दोघांचीही हाडं कुरकुरतात. हीटरपर्यंत अजून पोचायचंय.

शेजारचा गॅरेजवाला कुंपणावरून बघत होता. "काका, हीटर गळतोय ना? पाण्याच्या दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकतो, पाणी हीटरकडे जाणारच नाही. दहा मिनिटांचं काम. तुम्ही जाड कोट घाला नि चालवा." कोट घाला म्हणे! चाळीस वर्षं लोकांची मनगटी घड्याळं उघडली मी. हे यंत्र तर भिंगाशिवाय दिसतं.

खरं कारण त्याला सांगितलं नाही. इथे लिहितो. वरच्या गावातल्या दवाखान्यात आमची ही नर्स म्हणून गेली, वर्षभरासाठी. आता ३० तारखेच्या आत हिला लिहून द्यायचंय – तिथेच कायम, की घरी परत. त्याआधी मला गाडी घेऊन वर जायचंय. गरम गाडी. जाताना दारात म्हणाली होती, "त्या गाडीत मी परत बसायची नाही. पायांची लाकडं होतात माझ्या." आणि बसने गेली.

५ नोव्हेंबर

इंजिनातलं पाणी काढलं. हिरवं, गोडसर वासाचं. अर्धं बादलीत, अर्धं माझ्या बाहीत. नळ्या काही केल्या निघेनात, शेवटी कापल्या. गॅरेजवाला हसला. हसू दे.

६ नोव्हेंबर

रविवार, म्हणजे हिचा फोन. तिकडे नळातलं पाणी गोठतंय. आठवड्यात तीन बाळंतपणं. एका बाळंतिणीकडे दोन तास चालत गेली. "एवढ्या हौसेने दवाखान्याची गाडी चालवायला शिकले, आणि गाडीच बंद पडली!" मग नेहमीचं – "जेवताय ना?" "हो." "घर कसं आहे?" "आहे तिथेच आहे." खळखळून हसली. ते हसू दिवसभर कानात घेऊन फिरलो. दहा महिने झाले, अर्धं कपाट रिकामं आहे, तरी मी आपले कपडे माझ्याच अर्ध्या भागात कोंबतो.

ये म्हणावं, असं फार वाटलं. म्हटलं नाही.

९ नोव्हेंबर

हीटरची पेटी बाहेर आली! आत वाळकी पानं, उंदराने कुरतडलेला स्पंज, एक पेन्सिल. पेटीला खाली गरम हवेची दोन तोंडं – एक चालवणाऱ्याच्या पायांकडे, एक शेजारच्या सीटकडे. माझ्या बाजूची नळी जागेवर. तिच्या बाजूची नाहीच.

टॉर्च घेऊन आत डोकं घातलं. नळी होती. वर दुमडून पितळी तारेने बांधलेली. तीन पीळ आणि टोक आत खोचलेलं. असं तार बांधणारा माणूस मला एकच माहीत आहे.

अकरा वर्षांपूर्वी मी गाडीत टेप बसवला. नळी आड येत होती. आत्ता बांधून ठेवू, नंतर बघू, म्हटलं. नंतर बघितलंच नाही.

१० नोव्हेंबर

गाडीला हात लावला नाही.

अकरा हिवाळे ती म्हणत होती, गार लागतंय. आणि मी? "मला तर घाम फुटतोय! थंडी तुझ्या मनात आहे." एकदा तिच्या भावासमोर म्हणालो. तो हसला. तीही हसली, पाय पोटाशी घेऊन. मला वाटलं, काय फर्मास बोललो!

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

१३ नोव्हेंबर

फोन. सांगणारच होतो, अगदी ओठांवर आलं होतं. "हीटर उतरवलाय," एवढंच बोललो.

"बरं." जरा थांबून, "सगळा?"

"सगळा."

"बरं."

मग हवापाण्याचं बोललो. घड्याळाचं पोट उघडायला भ्यालो नाही कधी, हिच्याशी दोन वाक्यं बोलायला पाचावर धारण बसते!

१६ नोव्हेंबर

गेलोच शेवटी गॅरेजवाल्याकडे. हीटरची जाळी दोन ठिकाणी फुटली होती. त्याने झाळून दिली, टबात बुडवून हवा भरली – एक बुडबुडा नाही. "काका, तुमच्या घड्याळात पाणी शिरू द्यायचं नसतं, इथे बाहेर पडू द्यायचं नसतं." मान्य! पंख्याच्या मोटरचे झिजलेले कार्बन-ब्रश मात्र मी बदलले. तिथे तो गप्प बघत राहिला, आणि मला उगाच बरं वाटलं.

तिच्या बाजूची नळी नवी आणली. टेप काढून टाकला.

२० नोव्हेंबर

रविवार. फोन नाही. बाळंतपण असेल. लाइन गेली असेल. चारदा उचलून बघितला, फोन चालू आहे.

२२ नोव्हेंबर

सगळं जोडलं, पाणी भरलं, चालू केलं – गार वारा! रडायचाच बाकी होतो. गॅरेजवाला म्हणाला, "आत हवा अडकलीय. गाडीचं नाक चढावर करा, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवा, इंजिन चालू द्या. येईल आपोआप बाहेर." चढावर नेली. अर्धा तास बुडबुडे आले. मग थांबले.

मग तिच्या सीटवर जाऊन बसलो. बूट काढले. पाच मिनिटांत तळवे गरम. पाच मिनिटं! एवढंच मागत होती ती.

२७ नोव्हेंबर

बुधवारी फोन करून 'येतो' म्हणालो, 'या' म्हणाली. तिच्या खोलीत बसून लिहितोय, ती औषधांच्या फेरीवर गेली आहे. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत वाळत घातलेले हातमोजे. जरा वाळली आहे. चेहरा तकतकीत.

गाडीत बसवली, फाटकापर्यंत नेऊन आणली. तिने मोजे काढले. मग मीच एका दमात सगळं सांगितलं – टेप, तार, अकरा वर्षं, तिच्या भावासमोरचं.

"माहीत आहे," म्हणाली. "तार बांधलीत तेव्हा टॉर्च मीच धरला होता."

मग सांगितलं का नाहीस?

"सांगितलं. त्याच हिवाळ्यात, दोनदा. तुम्ही म्हणालात, शक्य नाही, मी अर्धवट काम करत नाही. मग म्हटलं, आठवेल कधीतरी."

रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

२८ नोव्हेंबर

बसने परत आलो. गाडी तिला ठेवली, वाड्यावस्त्यांवर जायला. कागद तिने गेल्या सोमवारीच देऊन टाकला होता. कायम.

बस सुटताना खिडकीतून विचारलं, "मग मला 'येऊ नका' का नाही म्हणालीस?"

"तुम्ही यावं असं वाटत होतं."