अंगठा तुझा, शब्द माझे

बा, परवा इथं भिलाईत मी लिहिलेला एक अर्ज मंजूर झाला अन् तेव्हापासून तुझा अर्ज डोक्यातून जात नाही. आमच्यातल्या एका गवंड्याला उंचावर चक्कर येते. म्हणाला, लिही, गरिबावर दया करा. मी म्हटलं, "साहेबाला गरिबी रोजच दिसते. तू खाली राहून त्याचं काय काम करशील, ते सांग." त्यानं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिलं अन् वाचून दाखवलं. आता तो खाली वाळू तपासतो. खुशीत चहा घेऊन आला, "कुठं शिकलास रे हे?" मी पेला तसाच खाली ठेवला.

घाटंजीच्या जिनात कापसातली सरकी काढता काढता तुझा उजवा हात रेच्याच्या मशीनीत गेला, तेव्हा मी पाचवीतून शाळा सोडून तांड्यात नुसता उंडारत होतो. जखम भरल्यावर तू मला समोर बसवलंस. याडी, माझी माय, चुलीपाशी भाकर थापते आहे, तू भिंतीला पाठ लावून बोलतो आहेस, अर्धं आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, अर्धं वऱ्हाडीत. "लिव. हात गेला, पण कान शाबूत हाय. कापसात खडा आला का रेचा कसा वरडते, मले दुरून समजते. ठिणगी पडून कापूस पेटाच्या आंधी मशीन बंद करतो. मले रेच्यापाशी उभा ठेवा. पंधरा दिवस पाहा, नाही जमलं तं हाकला."

मला लाज वाटली, बा. मॅनेजरसाहेबाला असं कोणी लिहितं का? मास्तरांकडून मागून आणलेलं अर्जांच्या नमुन्यांचं एक पुस्तक माझ्याजवळ होतं. त्यातून मी उतरवलं, 'कृपाळू मायबाप, मी लाचार, अपंग व निरुपयोगी झालो असून आपल्या चरणांशिवाय मला आसरा नाही.' कानाचं, खड्याचं, ठिणगीचं एक अक्षरही घातलं नाही. "आता वाच," तू म्हणालास. मी कागद समोर धरला अन् तुझंच बोलणं तुला ऐकवलं, जसं ध्यानात होतं तसं. तू मान डोलवत होतास. याडी हसली, "साहेबाले भेव दाखवतं का?" तू म्हणालास, "भेव नाही वं, त्याच्याच कामाचं सांगतो." मग डावा अंगठा शाईत बुडवून तू त्या परक्या शब्दांखाली उठवलास.

जिनाच्या फाटकापाशी आपण दोघं उभे होतो. मुनीम कागद परत घेऊन आला. "साहेब म्हनते, काही जमत नाही हे तूच लिवलं. मंग काम कोणतं देऊ?" मी तिथंच तोंड उघडायला पाहिजे होतं. वाटेनं तू म्हणालास, "मी पयलेच हाताचं बोललो, तितंच चुकलं. कानाचं आंधी सांगाले पायजे होतं." तांडा येईपर्यंत तू तेच बोलणं पुढंमागं करून पाहत होतास.

तांड्याच्या बैठकीत तुझ्या शब्दाला वजन होतं. भांडण चिघळलं की तांड्याचा प्रमुख, नाईक, तुलाच विचारायचा. त्या दिवसानंतर कोणी विचारलं की तू म्हणायचास, "मले कुठं बोलता येते?" लोकांना वाटलं, हात गेला म्हणून खचला. दोन वर्षांनी तापात तू गेलास, तेच मनात घेऊन.

तुझ्या बोलण्यात खोट नव्हती, बा. साहेब कशाला भितो ते तू ओळखलं होतंस. हे मला कळायला भिलाईपर्यंत यावं लागलं, अन् इथंही माझा पाय कुठं ठरत नाही. तुला लिहिलेला हा कागद पाठवायचा कुठं? तुला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवणारा मीच होतो, अन् माझ्यावर तू आता कसा भरवसा ठेवशील?

दोन वर्षं आपण एकाच चुलीपाशी जेवलो. कोणत्याही दिवशी सांगता आलं असतं. पण येणाऱ्याजाणाऱ्याला तू सांगायचास, "चूक माह्या बोलन्याची. पोरानं तं बरोबर लिवलं. अक्षर मोत्यावानी हाय त्याचं." अन् मला ते ऐकायला आवडायचं.