बारा वर्षं राजा कुठे होता?

अधिक महिना, गुरुवार, संध्याकाळ

घाईघाईत लिहिते आहे. अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे. आज देवळात पोथी वाचताना मी अध्यायाच्या मधेच थांबले! वीस वर्षांत कधी नाही. अध्याय अर्धवट सोडू नये, हे मीच बायकांना बजावते.

राजा बारा वर्षांनी परत येतो आणि राणीला पावित्र्य सिद्ध करायला तापलेला लोखंडी गोळा हातात धरायला लावतो, तिथे माझं बोट ओळीवर अडकलं. कालच लेकीसाठी आलेल्या हडपसरच्या स्थळाकडून मुलाच्या आईंचा फोन आला होता. "तुमच्या सायलीचं आधी कुठे काही नव्हतं ना?" मी मुकाट "नाही हो" म्हटलं. का म्हटलं?

बोट तिथेच ठेवून विचारलं, "बारा वर्षं राजा काय करत होता, ते पोथीत कसं नाही?"

मग ऐंशीच्या जोशीआजी म्हणाल्या, "अगं, लग्न झाल्यापासून मला हेच विचारायचं होतं. वाच आता पुढे, पाय अवघडलेत."

अध्याय पुरा केला हो देवा, रागावू नकोस. घरी आले आणि चपला काढायच्या आधी हडपसरला फोन लावला. "तुमच्या मुलाचं आधी कुठे काही होतं का?"

"अहो, मुलाला कोणी असं विचारतं का?"

"मी विचारते आहे."

हे शेजारून हळूच म्हणाले, "गेलं स्थळ." गेलं तर जाऊ दे.

तिकडून बाई म्हणाल्या, "त्याला विचारून सांगते." म्हणजे आजवर विचारलंच नव्हतं!