थुंकणाऱ्या नागाची उरलेली त्रेपन्न मिनिटं

मुलुंड पूर्व, मंगळवार

ती. माणिकताईस रेवतीचा शि. सा. नमस्कार.

तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल आणि घाटकोपरच्या तुझ्या बिल्डिंगला लिफ्ट लागली असेल, असं धरून चालते. (लागली नसेल तर गुडघ्याला माझ्यातर्फे सॉरी म्हण.) मी ठीक आहे. माझं व्याख्यान मात्र ठीक नाही.

पस्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, पण मध्ये घंटा न होता सलग तासभर बोलायला कधी मिळालं नाही. म्हणून सोसायटीच्या वर्धापनदिनाला मी आफ्रिकेतल्या थुंकणाऱ्या नागाचा विषय दिला. सेक्रेटरी चंद्रप्रकाश यांनी आफ्रिका गाळून फळ्यावर लिहिलं, 'थुंकणारा नाग. रेवतीबाई पुराव्यांसह बोलतील.' गच्ची गच्च भरली. मला काय आनंद झाला, ताई! (तिसऱ्या मजल्यावरच्या पानशौकीन नागवेकरांना सगळी बिल्डिंग 'नाग' म्हणते, हे इथे नव्याने राहायला आलेल्या मला कोण सांगणार?)

हा नाग खरं तर थुंकत नाही, अशी मी सुरुवात केली. गच्ची ओरडली, "थुंकतो!" विषग्रंथीभोवतीचे स्नायू आवळले की दाताच्या पुढच्या भोकातून पिचकारी उडते, असं मी सांगितलं, तर सगळे नागवेकरांच्या दातांतली फट बघायला वळले. नेम थेट डोळ्यांवर, पल्ला दोन मीटर, उडवताना मान हलवतो म्हणून फवारा पसरतो. प्रत्येक वाक्याला टाळी. तळमजल्यावरच्यांनी डागाळलेला शर्ट पुरावा म्हणून फडकवला. भक्ष्याला तो चावतोच, थुंकणं फक्त घाबरल्यावर जीव वाचवायला, इथपर्यंत मी आले आणि नागवेकरांच्या पत्नी जानकीबाई उठल्या. "माझ्या घोवाक साप म्हणतंस?" सातव्या मिनिटाला माईक बंद.

आता चंद्रप्रकाश म्हणतात, नागवेकरांची लेखी संमती आणा. आणणार! त्रेपन्न मिनिटं उरली आहेत आणि येत्या रविवारी ती मी बोलणार म्हणजे बोलणार. नागाबद्दल अर्धवट गैरसमज मी राहू देणार नाही. (सापाबद्दल म्हणते आहे.)

तुझी,
रेवती

ता. क. जानकीबाई तुझ्याच ऑफिसात होत्या ना? जरा शब्द टाक.

ता. क. २. नको टाकूस. आत्ताच नागवेकर स्वतः संमती घेऊन आले. दारातच विचारतात, "बाई, त्याचं विष डोळ्यात गेलं तर काय करायचं?" म्हटलं, भरपूर पाण्याने डोळे धुवायचे आणि हॉस्पिटल गाठायचं. ताई, अख्ख्या गच्चीत साप ऐकायला तो एकच माणूस आला होता! मला भरून आलं. त्या भरात त्यांना पहिल्या रांगेतली मधली खुर्ची देऊन बसले.

ता. क. ३. पहिली रांग माईकपासून दोन मीटरच्या आत आहे. आईची पितळी पिकदाणी तुझ्याकडेच आहे ना? रविवारी येताना आठवणीने आण.